मेलेलं ढोर आणि प्लास्टिकची पन्नी



हा अंक उशिरा निघतो आहे. कारण दरवेळचंच. कागदाचे पैसे आणि छापखान्याची मागची बाकी. त्याबद्दल माफीबिफी मागत नाही, तुम्हाला सगळं ठाऊक आहे.

संपादकीयाचा विषय कळल्यावर आमच्यातलेच दोघंतिघं उखडले. एकजण म्हणाला, ‘‘प्लास्टिक? च्यायला, आता आपण पण झाडं लावा, पाणी वाचवा सुरू करायचं का? हे कोथरूडच्या बायांचं काम. कापडी पिशव्या शिवायच्या आन् पेपरात फोटो द्यायचा.’’ दुसरा म्हणाला, ‘‘अत्याचाराच्या बातम्यांचा गठ्ठा टेबलावर पडलाय आन् तुम्ही कॅरीबॅगवर लिहिताय. लोक हसतील.’’

त्यांचा राग खोटा नाही. पर्यावरण हा शब्द आजवर आपल्याकडे आला तो वरून आला. जंगल वाचवायचं म्हणजे आदिवासी हाकलायचा, शहर सुंदर करायचं म्हणजे झोपडपट्टी उठवायची, गाय वाचवायची म्हणजे आमच्या ताटातलं काढून घ्यायचं. असल्या पर्यावरणाशी आपलं काही देणंघेणं नाही. पण म्हणून प्लास्टिक हा प्रश्न आपला नाही, असं म्हणणाऱ्या मित्राला एकच सांगणं आहे. पहाटे पाचला उठ. मोहोळच्या स्टेशनाकडनं निघ, एस्टी स्टँडवरनं पुढं हायवेच्या कडेकडेनं चालत जा. पाठीला पोतं टाकून, हातात आकडा घेऊन वाकलेल्या बाया दिसतील. त्यांना जात विचारू नको, नुसतं आडनाव विचार. मग ये आणि सांग, प्लास्टिक कुणाचा प्रश्न आहे ते.

जरा मागं जाऊ. गावात ढोर मेलं की सांगावा यायचा. पाटलाच्या गोठ्यातलं असो नाहीतर ब्राह्मणाच्या वाड्यातलं, जिवंत असताना त्या जनावराला आमचा हात लागलेला चालायचा नाही. मेलं की आमचंच. ओढायचं, सोलायचं, पोट भरायचं. गावाच्या मलिद्यात वाटा नाही, गावाच्या घाणीत पुरा वाटा. १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेली ढोरं ओढणं सोडा, मेलेल्याचं मांस खाणं सोडा. आमच्या आज्या-पणज्यांनी सोडलं. त्यासाठी गावोगाव मार खाल्ला, बहिष्कार सोसला, दाणापाणी बंद झालं, तरी सोडलं. महारकीची वतनं १९५८ च्या कायद्यानं गेली. आपल्याला वाटलं, संपलं.

संपलं नाही मित्रहो. ढोर बदललं. नवं ढोर कुजत नाही, एवढाच फरक. गावाची, शहराची, हायवेवरच्या ढाब्याची, सोसायटीची, लग्नाच्या हॉलची जी घाण कुणाला हातात धरवत नाही, ती पुन्हा त्याच हातांकडं आली आहे. तेव्हा सांगावा धाडणारा पाटील तरी डोळ्यांना दिसायचा. आता कुणी धाडत नाही. पोट धाडतं.

पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ साली उभी राहिली. कचरा वेचणाऱ्यांची युनियन. त्यांच्यातल्या बहुसंख्य बाया मातंग, महार आणि नवबौद्ध. १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून, आपल्या सोलापूरकडून जी माणसं पुण्याला गेली, त्यांच्यातल्या कितीतरींच्या वाट्याला ही वेचणी आली. रान जळालं, हाताला काम नाही, शहरात ओळख नाही. मग शहरानं आपल्या उकिरड्याचा दरवाजा उघडला. तेवढाच दरवाजा उघडा होता. महानगरपालिकेत सफाईची नोकरी धरली, तर तिथंही लाड-पागे समितीच्या शिफारशीनं वारसाला झाडूच मिळतो. या देशात कलेक्टरची खुर्ची वारसानं द्या म्हटलं तर लोक येड्यात काढतील, झाडू मात्र वारसानं जातो. आणि आता ठेकेदारी आल्यावर तोसुद्धा नीट जात नाही. काम तेच, जात तीच, फक्त पगार निम्मा आणि नाव मस्टरवर नाही.

आता या पोत्यात काय असतं ते बघा. बाटल्या वेगळ्या, कडक प्लास्टिक वेगळं, दुधाच्या पिशव्या वेगळ्या. हे भंगारवाला घेतो. पण कुरकुऱ्यांचं पाकीट, गुटख्याची पुडी, शाम्पूची पुडी, बिस्किटाचा चकचकीत कागद, हे कुणीच घेत नाही. त्यात प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा पापुद्रा एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते सोडवणं परवडत नाही. म्हणजे ज्याची रद्दीतसुद्धा किंमत नाही, असा माल कंपनी जाणूनबुजून तयार करते. आणि तो माल सगळ्यात जास्त खपतो कुठं? जिथं रोजची मजुरी रोज हातात पडते तिथं. शाम्पूची बाटली घ्यायला पैसे नसतात म्हणून बाई पुडी घेते. कंपन्यांनी आमची गरिबी नीट मोजली आणि त्या मापाची पुडी काढली. मग बंगल्यातला साहेब म्हणतो, ‘‘ही झोपडपट्टीच किती घाण करते बघा.’’

गुटख्याचंच घ्या. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे. तंबाखू, पानमसाला प्लास्टिकच्या पुडीत विकायला केंद्राच्या नियमानंही मनाई आहे. दोन-दोन कायदे. आणि आपल्या गटारी कशानं तुंबतात? त्या तुंबलेल्या गटारीत मग कोण उतरतो, हे लिहायला पाहिजे का?

कायद्याची गंमत सांगतो. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्र सरकारनं प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. पहिल्या वेळी ५,००० रुपये, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिने कैद. ऐकायला मर्दानी कायदा. चार-पाच दिवसांत किराणा मालाच्या पॅकिंगला सूट मिळाली. कंपन्यांची पाकिटं पहिल्यापासूनच शाबूत. बाटलीवर एक-दोन रुपये अनामत ठेवायची, रिकामी बाटली परत दिली की पैसे परत, असं जाहीर झालं होतं. मोहोळात ते पैसे परत मिळालेला माणूस कुणाला भेटला असेल तर त्याला आमच्याकडं पाठवा, पुढच्या अंकात त्याची मुलाखत छापू. मग केंद्राची बंदी आली १ जुलै २०२२ ला. स्ट्रॉ, चमचे, पेले, ताटल्या, कानातल्या काड्या. पिशवीची जाडी आधी ७५ मायक्रॉन, मग १२० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भाजी विकणाऱ्या बाईनं काय करायचं, पाटीत मायक्रोमीटर ठेवायचा?

दंडाची पावती फाटते ती तिचीच. जिच्या पाटीत सगळा मिळून माल पाच-सातशेचा, तिला ५,००० चा धाक. ज्या कारखान्यातून ती पिशवी निघाली त्याचा पत्ता पिशवीवर नसतो, आणि ज्या पाकिटावर पत्ता ठळक छापलेला असतो त्याला बंदीच नाही. प्लास्टिकचा दाणा बनतो कुठं? आपल्याच महाराष्ट्रात, रायगडात नागोठण्याला मोठा कारखाना आहे. आधी सरकारी आयपीसीएलचा होता, २००२ साली ती कंपनी रिलायन्सकडं गेली. तिथं पंचनामा करायला कुठला इन्स्पेक्टर गेल्याचं वाचलंय का कुणी? नळ चालू ठेवायचा आणि सांडलेलं पाणी पुसणाऱ्या बाईला दंड करायचा, याला हे कायद्याचं राज्य म्हणतात.

पुढं एक नवं नाटक आलं. कंपनीनं जेवढं प्लास्टिक बाजारात आणलं, तेवढं गोळा केल्याची प्रमाणपत्रं विकत घ्यायची. कागदावर हिशोब चुकता. २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळालाच सापडलं की महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या मूठभर कारखान्यांनी सहा लाखांवर खोटी प्रमाणपत्रं विकली. प्लास्टिक जागच्या जागी, पैसे इकडचे तिकडं. आणि जिनं खरंखुरं वाकून ते उचललं, त्या बाईच्या हातात त्यातला एक नवा पैसा नाही. हातमोजा नाही. ओळखपत्र नाही. असलाच तर पोलिसाचा दंडुका, कारण पहाटे हिंडणारी बाई म्हणजे चोर.

आता तब्येतीबद्दल. हे नीट वाचा, कारण आपल्या वस्तीत यातलं फारसं कुणी बोलत नाही.

कामाच्या साइटवर, ऊसतोडीच्या फडावर, मोंढ्यावर चहाचं पार्सल कशात येतं? पातळ पिशवीत. उकळता चहा, वरून गाठ. आमटी तशीच, भजी तशीच, तेलानं थबथबलेली. गरम, तेलकट आणि आंबट, ही तीन्ही प्लास्टिकमधलं काहीबाही सोडवून घेणारी. प्लास्टिक म्हणजे नुसतं प्लास्टिक नसतं. ते मऊ करायला, कडक करायला, रंगवायला, उन्हात टिकवायला त्यात रसायनं घालतात. २०२४ साली शास्त्रज्ञांनी मोजदाद केली तेव्हा प्लास्टिकशी संबंधित १६,००० च्या वर रसायनं निघाली आणि त्यातली ४,२०० काळजी करण्यासारखी. त्यातली काही, बिस्फेनॉल आणि थॅलेट म्हणतात ती, शरीरातल्या ग्रंथींच्या रसांची नक्कल करतात. गर्भातल्या पोराला, वाढत्या पोरीला त्यांचा धोका जास्त. काळी, निळी, हिरवी पिशवी तर पुन्हा वितळवलेल्या मालाची. आधी तिच्यात औषध होतं, ऑइल होतं का कीटकनाशक, देव जाणे. तसल्या प्लास्टिकमध्ये खायचं देऊ नये असा नियम केंद्र सरकारनं १९९९ सालीच केला होता. पंचवीस वर्षं उलटली. आपली भजी अजून त्यातच.

‘‘मग कागदी कप घ्या,’’ शहाणी माणसं सांगतात. त्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा लेप असतो, म्हणून तर तो भिजत नाही. खरगपूरच्या आयआयटीतल्या संशोधकांनी २०२० साली मोजलं. १०० मिलिलिटर गरम पाणी पंधरा मिनिटं कपात ठेवलं, तर प्लास्टिकचे २५,००० सूक्ष्म कण पाण्यात उतरले. दिवसात तीन कप म्हणजे ७५,०००. आपला माणूस कामावर तीनच कप पितो?

या कपाबद्दल आणखी एक. तुमच्या बापाला विचारा, हॉटेलात आपला कप कुठं असायचा. कान तुटलेला, बाहेर खुंटीला नाहीतर वळचणीला. स्वतः धुवायचा, स्वतः परत अडकवायचा. १९७२ नंतर पँथरच्या पोरांनी गावोगाव असले कप फोडले. आता प्लास्टिकचा कप आला आणि प्रश्न मिटला म्हणतात. सगळ्यांनाच टाकाऊ कप, कुठं आहे जातिभेद? बरोबर. कुणाच्या उष्ट्याला कुणी हात लावायचाच नाही. अस्पृश्यता मोडली नाही, तिला फेकून देण्याजोगी केली. आणि काही गावांत अजून असं आहे की ओट्यावरच्याला काचेचा ग्लास आणि आपल्या माणसानं पैसे पुढं केले की न सांगता प्लास्टिकचा कप. मालक हसून देतो. भांडणाला जागाच ठेवत नाही. फेकलेला तो कप दुसऱ्या दिवशी उचलायला पुन्हा आपलीच बाई.

२०२२ साली नेदरलँडमध्ये २२ माणसांचं रक्त तपासलं, १७ जणांत प्लास्टिकचे कण मिळाले. इटलीत त्याआधी बायकांच्या वारेत सापडले होते. इटलीतच २०२४ साली मानेच्या रक्तवाहिनीतली काढलेली चरबी तपासली. २५७ रोग्यांपैकी १५० जणांच्या चरबीत प्लास्टिक होतं, आणि त्या लोकांत हार्टॲटॅक, लकवा किंवा मरण यांचं प्रमाण इतरांच्या साडेचारपट. प्लास्टिकमुळंच झालं असं त्या डॉक्टरांनीही म्हटलेलं नाही. दोन्ही गोष्टी सोबत दिसल्या, एवढंच ते म्हणतात. आपणही खोटा बागुलबुवा उभा करायचा नाही. पण तपासलेली माणसं तिकडची. उकिरड्यावर दिवसाचे दहा तास काढणाऱ्या आपल्या बाईचं रक्त कुणी तपासणार आहे का? तिच्या दम्याला विडी म्हणायचं, तिच्या खोकल्याला टीबी म्हणायचं आणि गोळ्या देऊन वाटेला लावायचं.

सगळ्यात वाईट ते जळणं. कचरा गाडीनं नेऊन ढीग लावला की कोणीतरी काडी लावतो, ढीग कमी होतो. उघड्यावर कचरा जाळायला हरित न्यायाधिकरणानं डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली. साधा माणूस असला तर ५,००० दंड, मोठ्या ढिगाला २५,०००. तरी धूर रोज निघतोच. मुंबईचं देवनार डम्पिंग १९२७ पासूनचं आहे. २०१६ च्या जानेवारीत ते पेटलं तेव्हा धूर अंतराळातून दिसला. त्याच्या भिंतीला लागून कुणाच्या झोपड्या आहेत? २०२४ च्या सप्टेंबरात ‘नेचर’मध्ये इंग्लंडच्या लीड्स विद्यापीठाचा हिशोब आला: प्लास्टिकची घाण मोकळी सोडण्यात भारत जगात पहिला. वर्षाला ९३ लाख टन. त्यातलं ५८ लाख टन नुसतं जाळलं जातं.

पाइप, रेक्झिन, वायरचं आवरण, फ्लेक्स हे पीव्हीसी. त्यात क्लोरीन असतं. ते अर्धवट आचेवर जळलं की डायऑक्सिन तयार होतं. अंगात गेलं की चरबीत बसतं, वर्षानुवर्षं निघत नाही, कॅन्सरशी त्याचं नातं पक्कं सिद्ध झालेलं आहे. धूर निघून जातो, राख राहते. राखेत कोंबड्या उकरतात. इंडोनेशियात ट्रोपोडो नावाच्या गावात भट्टीला जळण म्हणून प्लास्टिक जाळत होते. २०१९ साली तिथल्या अंड्यांत डायऑक्सिन भरपूर सापडलं. आपल्या वस्तीत बंब पेटवायला पन्नी, चूल पेटवायला पन्नी, थंडीत शेकोटीला टायर. मायमावल्यांनो, सरपण महाग झालंय, कबूल. गॅसची टाकी भरायला पैसे नाहीत, कबूल. पण चुलीला प्लास्टिक लावू नका. लेकरू मांडीवर घेऊन तर मुळीच नको. धूर पहिल्यांदा त्याच्या नाकात जातो. वायर जाळून तांबं काढणाऱ्या पोरांनाही हेच. तांब्याचे शंभर रुपये येतात, फुप्फुस कुठल्या भंगारवाल्याकडं मिळत नाही.

रानातही तेच. सोलापूर जिल्ह्यात टरबूज, टोमॅटो, मिरचीला मल्चिंग पेपर आला. पाणी वाचतं, तण कमी होतं, बागायतदाराला फायदा आहे, ते नाकारत नाही. पण तो कागद पंचवीस-तीस मायक्रॉनचा. पीक निघेपर्यंत उन्हानं त्याच्या चिंध्या होतात. मग त्या चिंध्या वेचायला रोजंदारीवर बाया, आणि वेचलेलं बांधावर पेटवायचं. उरलेलं नांगराखाली मातीत. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, लांबोटीच्या पुलापाशी सोलापूर-पुणे हायवे बंद पडला. पूर ओसरल्यावर नदीकाठच्या बाभळी ज्यांनी बघितल्या त्यांना सांगायला नको. शेंड्यापर्यंत मल्चिंगच्या चिंध्या, खताच्या गोण्या, पिशव्या. वाळत घातलेल्या धडुत्यांसारख्या. वाहून गेलेल्या घरांत आधी आपली घरं, कारण नदीकडची खोलगट जागा आपल्याला. मदत आली तीही प्लास्टिकमध्ये. पाण्याच्या बाटल्या, पुड्या, पॅकेटं. ती घेतली, घ्यायलाच पाहिजे होती. महाडला चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी लढलेल्या माणसांची नातवंडं आज वीस रुपयाला बाटली घेतात, आणि त्या पाण्याच्या लिटरमध्ये सरासरी २,४०,००० प्लास्टिकचे कण असल्याचं २०२४ साली अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठानं मोजलं. त्यांनी मोजल्या त्या बाटल्या तिकडच्या, आपल्याकडच्या कुणी मोजल्यात?

गायीचं राहिलं. २०१५ च्या मार्चपासून महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदी आहे. आमच्या ताटातलं मांस गुन्हा झालं. २०१६ च्या जुलैत गुजरातेत उन्याला मेलेली गाय सोलणाऱ्या चार पोरांना गाडीला बांधून मारलं. आणि मोकाट गाय बाजारात उकिरड्यावर काय खाते ते सगळा गाव बघतो. गाठ मारलेल्या पिशवीत शिळी भाकरी, पिशवीसकट पोटात. रवंथ होत नाही, शेण होत नाही, ते आत साचत जातं. जनावरांच्या डॉक्टरांनी एकेका गायीच्या पोटातून तीस-तीस, चाळीस-चाळीस किलो प्लास्टिक काढल्याच्या नोंदी आहेत. गाय उपाशी मरते, पोट भरलेलं असून. या हत्येला कुठलं कलम? कुठल्या गोरक्षकानं पिशवीच्या कारखान्याचा ट्रक अडवला? ट्रकमध्ये कातडं असतं तर अडवला असता.

एवढं दुसऱ्यांना बोललो, आता आपल्याकडं येऊ. हे लिहिताना हात जरा अडखळतो, पण लिहिणं भाग आहे.

१४ एप्रिल जवळ आली की आपल्या चौकात जागा राहत नाही. फ्लेक्सवर फ्लेक्स. बाबासाहेब वर कोपऱ्यात, टाकाएवढे. खाली भाऊ, दादा, भाईंचे चेहरे, गॉगल, मोबाइल कानाला, आणि तळाला शुभेच्छुकांचे पासपोर्ट साइज फोटो, पन्नास-साठ. फ्लेक्सचे पैसे देतो कोण? ज्याला पुढच्या निवडणुकीत वस्ती पाहिजे तो. मोहोळ विधानसभेची जागा २००९ पासून राखीव आहे, म्हणून तर चौकाचा भाव वाढला. निळा रंग आपला, दोरी त्यांची. ते सगळं पीव्हीसी. त्याचं पुन्हा काही होत नाही, भंगारात घेत नाहीत. जयंती झाली की तो फ्लेक्स झोपडीवर जातो. पावसात भाऊंचा चेहरा छपरावर आणि खाली आमची म्हातारी. दोन उन्हाळ्यांत तडकतो, मग चुलीत. त्याशिवाय प्लास्टिकचे झेंडे, थर्माकोलच्या ताटल्या, पाण्याचे पाऊच. १५ एप्रिलला सकाळी चौक झाडायला येते ती आपलीच आई. रात्री तिचाच पोरगा डीजेपुढं नाचलेला असतो.

सहा डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर लाखो माणूस येतो. त्यानंतर शिवाजी पार्ककडचे लोक कचऱ्यावरून नाकं मुरडतात. त्यांना दादरच्या गणपतीत, क्रिकेटच्या मॅचला वास येत नाही, आपल्या माणसाचाच येतो. त्यांना उत्तर द्यायला आपण समर्थ आहोत. पण आपला कचरा आपल्याच बायांनी उचलायचा, हे आपल्याला चालतं का, याचं उत्तर त्यांना नाही, स्वतःला द्यायचं आहे.

कोणी म्हणेल, मग काय प्लास्टिक सगळं टाकून द्यायचं? तसं आम्ही म्हणत नाही. पितळेची घागर डोक्यावर घेऊन दोन मैल चाललेल्या आजीला विचारा, प्लास्टिकची घागर काय आहे ते. ऊसतोडीच्या कोपीवर टाकायला प्लास्टिकचा कागद नसेल तर पोरं भिजून मरतील. दवाखान्यातली सलाइनची बाटली, सुई. गरिबाच्या घरातली ही वस्तू हिसकावून घेण्याआधी त्याला पक्कं छप्पर आणि दारात नळ द्या, मग बोला. आमचं भांडण घागरीशी नाही. एकदा वापरून फेकायच्या मालाशी आहे, आणि फेकलेलं कुणी उचलायचं हे जातीनं ठरवून टाकणाऱ्या व्यवस्थेशी आहे.

जगाच्या पातळीवर तरी काय चाललंय? वर्षाला ४० कोटी टनांच्या वर प्लास्टिक बनतं. २०१५ पर्यंत जेवढा प्लास्टिकचा कचरा झाला त्यातला फक्त ९ टक्के पुन्हा वापरात आला. उत्पादनालाच आळा घालायचा करार व्हावा म्हणून राष्ट्रसंघात बैठका झाल्या. २०२४ ला बुसानला फिसकटलं, २०२५ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला पुन्हा फिसकटलं. तेलवाल्या देशांना आळा नको. त्यांचं तेल गाडीत कमी जळायला लागलं की ते पुडीत भरून खपवायचं आहे. ती पुडी शेवटी उघडते मोहोळच्या वस्तीत.

आमच्या मागण्या साध्या आहेत. वेचणाऱ्या प्रत्येक बाईला नगरपरिषदेनं ओळखपत्र द्यावं, हातमोजे-बूट द्यावेत, माल निवडायला छपराची जागा द्यावी, वर्षातनं दोनदा छातीची तपासणी करावी. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही संस्था २००८ पासून महापालिकेच्या करारावर घरोघरचा कचरा उचलते. पुण्यात होतं ते मोहोळात का होत नाही? ज्या पाकिटाला भंगारात किंमत नाही, ते उचलण्याची मजुरी पाकिटावर ज्याचं नाव छापलंय त्यानं द्यावी, किलोच्या हिशोबानं, थेट वेचणारीच्या हातात. ढिगाला आग लागली तर ठेकेदारावर गुन्हा. भाजीवालीला दंड बंद. आणि शेवटची मागणी अशी की आमच्या पुढच्या पिढीनं हे काम करू नये. ओळखपत्र ही सोय आहे, मुक्ती नाही. आज्यांनी ढोर सोडलं तसं पोरींनी पोतं सोडलं पाहिजे. त्यासाठी शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती वेळेवर.

राहिला जयंतीचा प्रश्न. आमच्यापुरतं आम्ही ठरवलंय की यंदा आमच्या नावानं चौकात एकही फ्लेक्स लागणार नाही. कापडावर रंगानं लिहू. पूर्वी पेंटर लिहायचे, आपल्यातच चांगले पेंटर होते, त्यांचा धंदा या फ्लेक्सनंच बसवला. दोघं अजून वस्तीत आहेत, हात थरथरतो पण अक्षर झकास आहे. पाणी माठातनं, ग्लास स्टीलचे, धुवायची पाळी पोरांची. बायांची नाही, पोरांची. पाच जणांनी नावं दिलीत, पंचवीस पाहिजेत. मंडळातल्या काहींचा याला विरोध आहे. फ्लेक्स नाही तर वर्गणी येणार नाही, असं ते म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. म्हणून येत्या रविवारी संध्याकाळी समाजमंदिरात बैठक ठेवली आहे. वेचायला जाणाऱ्या सगळ्या बायांना बोलावलंय. आधी त्या बोलतील, मग आपण. ज्यांना फ्लेक्स पाहिजे त्यांनी त्यांच्यासमोर येऊन मागावा.